पिण्यावर कर

बाबांच्या जीपला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पासिंगच्या वेळी पर्यावरण कर भरावा लागणार हे कळलं, तेव्हा मी मनातून खूश झालो. रत्नागिरीला घरी आलो की माझं एकच टुमणं असायचं, जीप भंगारात काढा. आता सरकारच माझ्या बाजूने उभं राहिलं होतं. बाबा मात्र भडकले.

"कर लावायचा तर पिण्यावर लावा. वयावर कसला लावता? तुझं ते नवं धूड माझ्या जीपपेक्षा जास्त डिझेल पीत असेल."

माझ्या सात सीटच्या कोऱ्या गाडीला धूड म्हटलेलं मला चांगलंच झोंबलं. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. दोन्ही टाक्या फुल करू, पालीला जाऊन येऊ, परत फुल करू. जी जास्त पिईल ती विकायची.

जीप गेली तर कलमांच्या बागेत जायला बाबांना रोज कुणाची तरी मनधरणी करावी लागली असती. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. पण मागे हटतील तर ते बाबा कसले. "चालेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहासुद्धा धड घेतला नाही, इतका उत्साह अंगात संचारला होता. चाकांतली हवा तपासली, डिकीतला पाण्याचा कॅन, छत्र्या, बायकोची चादर सगळं घरी काढून ठेवलं. एसी बंद. पंपावरून निघालो तो अंड्यांवर पाय ठेवावा तसा अ‍ॅक्सिलरेटर दाबत. घामाने शर्ट भिजला, पण काटा माझ्या बाजूने होता.

हातखंब्याच्या अलीकडे आरशात पाहिलं तर जीप थांबलेली. एक भाजीवाली टोपल्या वर चढवत होती. आमच्याकडे हात केलेल्या माणसाला जीपवाल्याने टाकून जायचं नाही अशी रीतच आहे, आणि त्या दिवशी पालीचा बाजार होता. पुढच्या वळणावर जीप पुन्हा थांबली, मग पुन्हा. दर थांब्याला बाबांचं डिझेल जळत होतं आणि मी स्टिअरिंगवर ताल धरत होतो. इतका आनंद मला गाडी घेतानाही झाला नव्हता.

पालीला जीपमधून सात माणसं उतरली, वर टोपल्या आणि नारळाची दोन पोती.

"आजच्या दिवस तरी कुणाला घ्यायचं नाही," मी म्हणालो. तेवढा दिलदारपणा जिंकणाऱ्याला परवडतो.

"उभी होती रे माणसं," बाबा म्हणाले.

बाजार उरकेपर्यंत ते थांबले, म्हणून मलाही थांबावं लागलं. येताना जीप तशीच भरलेली. वाटेत एकेक उतरत गेला, आणि पंपावर पोचलो तेव्हा आमच्याच वाडीतली ती भाजीवाली तेवढी मागे बसून होती.

माझ्या गाडीची टाकी साडेतीन लिटरच्या आत भरली. जीपला पाच लिटर लागलं. मी अक्षरशः टाळी वाजवली. बाबांनी ना वाद घातला, ना माणसांचं वजन काढलं. जीपची चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ठरलं ते ठरलं."

भाजीवालीला काय पैज लागली होती ते तेव्हा कळलं. ती रिकाम्या टोपल्या घेऊन खाली उतरली.

"मंग आमी आता बाजाराला कसा जायाचा?" तिने बाबांना विचारलं. मग माझ्या गाडीच्या काचेला डोळा लावून आत बघितलं. "बाळा, ह्याच्यात कोन कोन व्हता?"

"मी," मी म्हणालो.

"आनि?"

आणि कुणी नव्हतं. साडेतीन लिटर मी एकट्याने प्यायलो होतो. मला तिथल्या तिथे लाज वाटली. मी चावी बाबांच्या खिशात घातली आणि म्हटलं, "पासिंगचे कागद द्या. कर मी भरतो."

"कुठल्या गाडीचा?" बाबांनी विचारलं.