गाईला घातलेल्या पोळ्या

त्या रविवारी आईने निर्वासितांसाठी केलेल्या पोळ्या सीताबर्डीवरच्या एका बंगल्यात गाईला घातल्या गेल्या. मी समोर उभा होतो.

बांगलादेशच्या लढाईचं वर्ष. जीव घेऊन पळून आलेली माणसं रायपूरकडच्या छावणीत ठेवली होती. घरोघरच्या पोळ्या गोळा करून संध्याकाळच्या गाडीने तिकडे धाडायच्या होत्या. एका वकिलांच्या बंगल्यात मदत समिती बसली. मी कॉलेजात होतो, अक्षर बरं होतं, म्हणून फाटकावरचा फळा मला दिला. मी लिहिलं: भुकेला जात नसते. वकीलसाहेब लांबूनच ‘वा’ म्हणाले.

आमच्या घरी ज्वारीची भाकर. गहू सणापुरता. आईने तोच दळून आणला, पहाटे उठून पोळ्या केल्या, धुतल्या फडक्यात बांधल्या आणि ती सक्करदऱ्याच्या आमच्या वस्तीतून बंगल्यावर चालत आली. वकिलीणबाईंनी विचारलं, कुठून आलात. आईने वस्तीचं नाव सांगितलं. आम्ही बौद्ध होऊन वर्षं लोटली होती. बाईंच्या लेखी काही बदललं नव्हतं. इतरांच्या पोळ्या टेबलावर होत्या. आईसाठी त्यांनी कडुनिंबाखालची एक टोपली पायाने पुढे सरकवली.

“तुमच्या भावना पोचल्या हो. पण त्या छावणीतल्या लोकांच्याही भावना असतात ना.”

“उपाशी माणूस कोणाचा हात पाहून राहिला, बाई?” आई म्हणाली.

बाई हसल्या. आलाच आहात तर अंगण झाडून द्या, म्हणाल्या. मग आईने पोळ्या ठेवलेली ती टोपली गड्याकरवी गोठ्यात पाठवली. गाय खाऊ लागली. बाईंनी गाईला नमस्कार केला.

मी तिथून निघालो. गाईमुळे नाही. फाटकावरच्या माझ्या अक्षरामुळे.

मी बाहीने फळा पुसला.

“अरे, छान होतं की,” वकीलसाहेब म्हणाले.

“होतं. माझं होतं.”

आईने खराटा उचललासुद्धा होता. मी तो तिच्या हातातून काढून खाली टाकला.

“काहून गा?”

“घरी चाल.”

तिने रिकामं फडकं झटकलं, घडी केली आणि निघाली.

पुढे वाचनात आलं, त्या छावणीतले बरेच जण आपल्या मुलखातही गावाबाहेर ठेवलेल्या जातींचे होते. बाई त्यांच्या भावना जपत होत्या.

आई मागच्या महिन्यात गेली. अजूनही कुठे पूर आला, लढाई पेटली की समितीवाले माझ्याकडे येतात. चार ओळी लिहून द्या, म्हणतात. मी विचारतो, पोळ्या कोणाच्या हातच्या घ्याल? ते घड्याळ पाहतात.

आई नाही. फळ्यावरचं ते वाक्य आहे. ते मी कोणाच्या फाटकावर लिहीत नाही.