जाड सोलचे बूट

नाउसोरीच्या बाजारामागच्या गल्लीत मुनसामीचं चपलांचं दुकान आहे. डिसेंबरातल्या, म्हणजे त्या दक्षिणेकडच्या बेटावर ऐन उन्हाळ्यातल्या, एका मंगळवारी उनाइसीनं तिथं पाऊण तास ठिय्या मांडला आणि मुनसामीला पार वैताग आणला.

"मावशी, समुद्रात उतरायला ना? मग हे घ्या." त्यानं काळे बूट पुढे सरकवले. घोट्याच्या वर वीतभर बंद, आवळायला पट्टी, आत मऊ अस्तर, खाली अंगठ्याएवढा जाड सोल. "पाणी शिरत नाही. दिवसभर घाला, चावायचे नाहीत."

"उन्हाळ्यात पाय उकडून निघतील."

"मग ह्या प्लास्टिकच्या सँडल."

"बोटांत रेती अडकते."

"साधे गमबूट?"

"चिखलात रुततात. पाय वर येतो, बूट तिथंच राहतो. तू कधी उतरलायस का चिखलात?"

"मी कशाला उतरू? चिखल सगळ्यांच्या पायांनी माझ्या दुकानात येतो."

उनाइसी हसली नाही. आदल्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सनं तिच्या डाव्या पायाची करंगळी बघून बजावलं होतं, की साखरेनं पाय पोखरलाय, जखम भरत आलीय, तिला पाणी लागता कामा नये. बंद, जाड सोलचे, पाणी न शिरणारे बूट घातल्याशिवाय समुद्रात पाऊल टाकायचं नाही. आणखी एक मोठी जखम झाली तर पाय घोट्यापासून जाईल.

काळे बूट अगदी नर्सनं सांगितलेले होते. उनाइसीनं ते घातले, दुकानात दोन फेऱ्या मारल्या. छान बसले. मग तिनं ते काढून ठेवले आणि मोज्यासारखे पातळ रबरी बूट उचलले. त्यांचा सोल वहीच्या पुठ्ठ्याएवढा.

"ह्यात पाणी शिरेल," मुनसामी म्हणाला. "काच, काटा, सगळंच शिरेल."

"मला पायाखालचं कळायला हवं. तू बांधून दे."

तिच्या गावात शिंपल्या डोळ्यांनी शोधत नाहीत. ओहोटी लागली की बायका ओळीनं उतरतात, पोटरीभर गढूळ पाण्यात पाय घासत चालतात, आणि तळव्याला टणक कंगोरा लागला की अंगठ्यानं उकरून वर घेतात. कमरेला बांधलेली टोपली मागे तरंगत असते. वाकून हातानं चाचपतात त्या फक्त काठालगतच्या म्हाताऱ्या. त्यांच्या टोपलीकडे कुणी बघतही नाही.

उनाइसी लाऊ या द्वीपसमूहातल्या एका बेटावरून लग्न होऊन आली, तेव्हा चिखल तिला ठाऊकच नव्हता. पहिल्याच दिवशी मोठी जाऊ, वासिती, सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या दिरानं बायको आणलीय का बगळा? बघा कशी पाय उचलून चालते." वर्षभर उनाइसी कुणी नसताना ओहोटी साधून एकटीच चिखलात जाई, पाय घाशी, रडे आणि पुन्हा जाई. चौथ्या वर्षी तिची टोपली वासितीच्या आधी भरू लागली. पुढं पंचवीसेक वर्षं तसंच चाललं. वासितीनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि उनाइसीला तेवढंच पुरे होतं.

दोन वर्षांपूर्वी तळवे मुके झाले. आधी नुसत्या मुंग्या, मग त्याही गेल्या. तिनं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. सकाळच्या प्रार्थनेत देवाला तेवढं सांगे, तेही थोडक्यात. चिखलात ती ओळीच्या टोकाला राहू लागली. बायकांची पाठ फिरली की झटकन वाकून हात घाली. टोपली अर्धीच भरे, मग कंबर धरलीय म्हणून सांगे. जाड सोल पायात दिसला असता तर वासितीनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की ह्यातून तुला कळतं काय. म्हणून पातळ बूट. ज्या पायांना काहीच कळत नव्हतं, त्यांना कळतंय असं दिसावं म्हणून.

शनिवारी दुपारची ओहोटी होती. ऊन असं, की चिखलातून वाफा निघत होत्या. काठावर प्रार्थना झाली, टोपल्या बांधल्या गेल्या आणि वासितीची नजर खाली गेली.

"हे काय नवीन?"

"जखमेला पाणी लागू नये म्हणून घातलेत, जाऊबाई."

"ह्यात पाणी शिरत नाही?"

"नाही."

"मग माझ्या घरची चाळणी घालून ये पुढच्या खेपेला. तिच्यातही शिरत नसेल."

बायका हसल्या. उनाइसी ओळीच्या टोकाला गेली.

तासभर झाला असेल. ती कोपरापर्यंत हात बुडवून वाकली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कंबर धरलेली बाई अशी वाकते होय?"

वासिती किती वेळ मागे उभी होती कोण जाणे. उनाइसी सावकाश सरळ झाली. वासिती मात्र तिच्याकडे बघतच नव्हती. ती पाण्याकडे बघत होती.

"पाय वर घे."

"कशाला?"

"घे म्हणते ना."

उनाइसीनं डावा पाय उचलला. टाचेपाशी बूट फाटला होता आणि फटीत धारदार शिंपल्याचा तुकडा रुतून बसला होता. भोवतालचं पाणी लाल झालं होतं. तसल्या पायानं ती किती चालली, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"कधी लागलं?"

उनाइसीनं पाय पुन्हा पाण्यात सोडला.

"तुला कळलंच नाही," वासिती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "पाय मेलेत तुझे. आणि वर हे असले बूट घालून आम्हाला फसवतेस."

"माझा पाय आहे. माझं मी बघीन."

"तू काय बघणार? पाय तुटला की तुझ्या नवऱ्याचं जेवण माझ्या चुलीवर येणार. सोमवारी बैठकीत सांगते मी सगळ्यांना. हिला चिखलात घ्यायचं नाही."

मग तिनं उनाइसीच्या दंडाला धरून तिला काठापर्यंत ओढत नेलं. दंडावर पाच बोटं उमटली.

नर्सनं जखम धुतली, चार टाके घातले. जखम हाडापर्यंत गेली नव्हती, म्हणून पाय राहिला. एवढंच सांगून ती तोंड फिरवून पुढच्या पेशंटकडे गेली.

रविवारी चर्चमध्ये उनाइसीचं उपदेशात लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात सोमवार होता. वासिती उभी राहणार, पदर सावरावा तसा कमरेला गुंडाळलेला सुलू सावरणार आणि चवीचवीनं बोलणार. बाकी काहीही चालेल, पण ती चव तिला मिळू द्यायची नाही. देवाच्या दारात बसून असले विचार करते म्हणून तिनं क्षमा मागितली, आणि पुन्हा तेच ठरवलं.

सोमवारी बायकांच्या बैठकीत प्रार्थनेचं आमेन झालं, आणि वासिती उठायच्या आत उनाइसी काठी टेकत उभी राहिली.

"दोन वर्षं झाली, माझ्या तळव्यांना काही कळत नाही. शिंपल्या मी हातानं काढते. जाऊबाई हे सांगणारच होत्या, त्यांचे श्रम वाचवले. टाके निघाले की मी येणार. काठालगत, म्हाताऱ्यांच्या रांगेत, जाड सोलचे बूट घालून. कुणाला हसायचं असेल त्यांनी आत्ता हसून घ्या."

कुणी हसलं नाही. वासितीचं तोंड कुणी पुढ्यातलं ताट उचलून न्यावं तसं झालं होतं.

"आणि बूट कोण आणणार?" ती म्हणाली. "लंगडी घालत नाउसोरीला जाणार?"

"तुम्ही परवा बाजारात जाताय ना. मुनसामीला सांगा, मी परत ठेवले ते काळे."

"माप काय?"

"तीस वर्षं माझ्या पायांना नावं ठेवताय. माप तुम्हाला पाठ असायला हवं."

आता मात्र दोघीतिघी हसल्या. पाद्रीबाईंनी कागद आणि पेन्सिल पुढे केली. घेणार कोण, असं क्षणभर झालं. मोठी जाऊ धाकटीच्या पायाशी बसते, असं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. वासितीनं पेन्सिल हिसकावून घेतली, गुडघे मोडून खाली बसली आणि बँडेजवाला पाय धरून कागदावर ठेवला.

"एवढ्या बँडेजवरून माप घेतलं तर बूट मोठा येईल," उनाइसी म्हणाली.

"मोठाच हवा. उन्हाळ्यात पाय सुजतो."

पेन्सिल टाचेवरून वळून आतल्या बाजूनं अंगठ्याकडे आली. उनाइसीला ती जाणवली नाही. ती दाराबाहेर बघत उभी होती.

"झालं का?"

"झालं असतं तर उठले नसते? नीट उभी राहा, हलू नकोस."