निवडायला काही नसलेली बशी

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचं आमंत्रण आलं तेव्हाच मला संशय आला. बेदाणा निवडणाऱ्या बायकांचा मेळावा एका व्यापारी कंपनीनं भरवला होता आणि त्यावर लिहायला साताऱ्याहून मला बोलावलं होतं, वर न्यायला-आणायला गाडी! फुकट पंगत दिसली की मी आधी वाढणाऱ्याचं तोंड बघते. गाडी नाकारली आणि सकाळची एसटी धरली.

कऱ्हाडनंतर दोन्ही बाजूंना उसाचे फड सुरू झाले. इस्लामपूरला गाडी बदलताना एका बाईशी बोलण्याच्या नादात मी शिराळ्याच्या गाडीत बसले आणि पेठ नाक्यावर उतरवली गेले. तिथं भडंग (लसूण-तिखटाचे चुरमुरे) खाल्लं, स्वतःला चार शिव्या दिल्या आणि उलट फिरले.

कुंडलला पोचेपर्यंत अकरा वाजले. गावाबाहेर एका बागायतदाराच्या शेडमध्ये पंधरा-वीस बायका बेदाण्याचे ढीग पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांत जुनी हौसाबाई. माझ्याशी बोलतानाही तिचा हात थांबत नव्हता. काळा दाणा इकडे, देठाचा तिकडे, चांगला पुढे.

"ताई, दुपारच्याला ह्या कागदावर सह्या मागत्यात. विंग्रजीत हाय. वाचून सांगा की."

मी वाचलं आणि माझा संशय खरा ठरला. परदेशाशी मुक्त व्यापाराचा करार व्हावा, तिकडच्या बेदाण्यावरचा आयात कर उठवावा, याला आम्हा कामगारांचा पाठिंबा आहे, असं त्यात होतं.

"म्हंजे भायेरचा माल हितं येणार?"

"येणार."

"आन् आमच्या कामाचं?"

त्याबद्दल कागदात एक शब्द नव्हता.

दुपारी मेळाव्याच्या मांडवात कंपनीचे साहेब उभे राहिले. गोड बोलत होते, त्यामुळे मी जास्तच सावध झाले. "घाबरू नका! परदेशी माल आला तरी निवडायला तुमच्याकडेच येणार. उलट तुमचं काम वाढेल!" टाळ्या पडल्या. मग त्यांनी तोच परदेशी बेदाणा बशीबशीतून चाखायला वाटला.

पण चाखला कुणीच नाही. बशी पुढ्यात आली आणि बायकांचे हात आपोआप निवडायला लागले. हौसाबाईचं बोट बशीत एकदा फिरलं, पुन्हा फिरलं आणि थांबलं. शेजारणींचेही हात थांबले.

"साहेब, ह्यात निवडायला कायबी न्हाई."

"अहो मावशी, हीच तर क्वालिटी! मशीननं निवडूनच येतो तो."

"मंग आमाला कशाला बोलवणार?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. हौसाबाईनं कागद घडी करून बशीखाली सारला आणि उठली. तिच्यामागे बाकीच्या उठल्या. तिघींनी मात्र सह्या केल्या. त्यांना त्याच कंपनीच्या शेडवर काम होतं, त्यांना मी दोष देत नाही.

कंपनीचं जेवण सोडून मी हौसाबाईकडे झुणका-भाकरी खाल्ली. तिला शाबासकी द्यायला गेले तर ती चिडली.

"आमी सही न्हाई केली म्हून करार थांबतोय व्हय? खुळ्या म्हून हसाल तुमी. पर आमच्याच हातानं आमचं काम लिहून देऊ का?"

संध्याकाळी साताऱ्यात उतरून वाण्याकडून पावशेर बेदाणे घेतले. "आपल्या सांगलीकडचाच माल आहे," तो म्हणाला. खोक्यावरही तसंच छापलं होतं. मी दाणे तळहातावर घेऊन बोटानं फिरवले, दिव्याखाली धरले, एक चावून पाहिला. माल इथला की बाहेरचा, मला काहीच कळेना. हौसाबाईला बघताक्षणी कळलं असतं. उद्या तिला आणि तिच्यासारख्यांना घरी बसवलं, तर खोक्यावरचं खरं की खोटं हे मी कुणाला विचारू?