उजव्या दाराच्या तारा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते बोईसरच्या काकांचे. बोईसरला लागूनच सालवडला माझी भाड्याची खोली होती आणि खाली त्यांचं गाड्यांना स्पीकर बसवायचं दुकान. गाडी कितीही छोटी असो, काम झालं की ते गिऱ्हाइकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवत. "डोळे मिट. गाणारी बाई कुठं उभी हाय, बोट दाखव."

बोट उजव्या दाराकडे गेलं की काका हळहळत. "नाय रे! तिला गुडघ्यापाशी कशाला बसवलीस?" मग काचेजवळचा छोटा स्पीकर नखभर वळवायचा, पुन्हा डोळे मिटायचे. बोट डॅशबोर्डच्या मधोमध येईपर्यंत गाडी सुटत नसे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. गिऱ्हाईक कंटाळतं, तो नाही. एक टेम्पोवाला वैतागून म्हणाला, "चाचा, बस आवाज बड़ा चाहिए." काका म्हणाले, "बड़ा तो भोंगा भी होता है."

मी मासवणचा, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्रात नापास झालो आणि तारापूरच्या कारखान्यात लागायचं ठरवलं. काकांनी पुस्तक खाली आणायला लावलं. "विंग्रजी मला नाय येत. तू वाच, मी दाखवतो." त्यांनी दोन स्पीकर मांडले आणि एकाच्या तारा उलट जोडल्या. एकाचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा. बासचा दणका हवेतच जिरला. लाटा एकमेकींना कशा मारतात ते मला तेव्हा कळलं. मी पास झालो.

पदवीनंतर पालघरला गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. एकदा शाळेत शिकवणाऱ्या एक बाई तक्रार घेऊन आल्या. आमच्याकडे दार दुरुस्त केल्यापासून गाण्यातला बास गेला होता. मी एकाच दाराचा स्पीकर चालू ठेवला, बास आला. दोन्ही चालू केले, गेला. आमच्याच माणसाने उजव्या दाराच्या तारा उलट जोडल्या होत्या.

मॅनेजर म्हणाले, "स्पीकर बाहेरून बसवलेत ना? मग दोष बाहेरचा. लिही तसं."

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी लिहिलं, खाली सही केली. ते स्पीकर काकांनी बसवलेत हे मला ठाऊक होतं.

बाई तो कागद घेऊन काकांकडे गेल्या. नंतरच्या रविवारी मी भेटलो, तर काका एवढंच म्हणाले, "सही झकास करतोस रे आता." मी मान खाली घालून निघालो. वर्षभरात शिक्षकांच्या गाड्या तिथं येईनाशा झाल्या. काका दुकान बंद करून माकुणसारला गावी गेले.

परवा मी त्यांना हे पत्र पाठवलं:

काका, नमस्कार.

तुमच्या कामात दोष नव्हता. तारा आमच्याकडे उलट लागल्या. मला ते कळलं होतं, तरी मी खोटं लिहिलं. आज बाईंच्या घरी जाऊन खरं काय ते लेखी दिलं. मॅनेजरनाही सांगितलं, काय व्हायचं ते होवो. बाई चकित झाल्या. म्हणाल्या, "पण ते दुकानवाले काका तर म्हणाले, चूक माझीच हाय. त्या पोराला काय बोलू नका, त्याची नोकरी नवी हाय."

मला हे माहीत नव्हतं, काका. रविवारी माकुणसारला येतो. या वेळी मला वाचवू नका.