आईनं अण्णांना ‘तू’ म्हटलं तेव्हा

तेरजवळच्या आमच्या गावात निजामाच्या लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीची, माणसं आली आणि कणगीतली ज्वारी गाडीत भरून घेऊन गेली. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रान चुलत्यांच्या हवाली केलं आणि आम्हा मायलेकींना घेऊन सोलापूर गाठलं. मी बारा वर्षांची होते.

गिरणीत अण्णांना कुणी घेतलं नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नांगराच्या फाळानं गेली होती. मुकादमानं हात बघितला आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं. आईला मात्र गल्लीतल्या तेलुगू बायकांनी बिड्या वळायला शिकवलं. महिन्याभरात तिचा हात बसला, माझा तिच्याही आधी. घर आमच्या दोघींवर चालू लागलं आणि अण्णा चुलीपुढं बसून भाकऱ्या थापू लागले.

गावाकडं भाकरी करपली की अण्णा ताट भिरकावायचे. आई ते विसरली नव्हती. एकदा बायका दारात पानं कातरत बसल्या असताना तिनं अण्णांची जाड, फाटक्या काठाची भाकरी सगळ्यांना दाखवली आणि उंबऱ्याबाहेर फेकली.

“बोटं न्हाईत तर न्हाईत, अक्कल बी न्हाय. तू काय कामाचा रं?”

तिच्या तोंडून त्यांना ‘तू’ मी पहिल्यांदाच ऐकलं. बायका हसल्या. मीही हसले. अण्णांनी भाकरी उचलली, झटकली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली.

पेरणीच्या आधी ते म्हणाले, “गावाकडं जाऊ. रान पडीक पडंल.”

“जावा की तुम्ही. पोरगी न्हाय येणार. तिचे हात लागत्यात मला.”

अण्णा माझ्याकडं वळले. “येतीस का गं, बाई?”

मला त्यांची कीव आली होती, तरी मी विचारलं, “तिथं खायला काय घालणार?”

ते एकटेच गेले. चुलत्यांनी रान परत दिलं नाही. स्वतःच्याच रानात अण्णा त्यांचे सालगडी होऊन राबले. पुढं रझाकारांच्या धामधुमीत गावातली कितीतरी माणसं सोलापूरला आली, अण्णा आले नाहीत.

निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही गावी गेलो. चुलती म्हणाली, “तापानं गेले. गोठ्यात पडून हुते. तुमाला सांगावा धाडतो म्हणलं, तर म्हणाले, नगा, त्यांचा खाडा हुईल.”

आई उभी राहिली. मग मला म्हणाली, “ऊठ. संध्याकाळची गाडी चुकंल.”