हिंजवडीला संस्कृती बघायला गेले

लोणी काळभोरहून हिंजवडीला संस्कृती बघायला जायचं असेल, तर लवकर निघा, पाणी घ्या आणि गुडघे घरी ठेवा. माझी नात प्रज्ञा तिथं कंपनीत आहे. तिच्या हपिसात ‘आपली संस्कृती’ नावाचा कार्यक्रम होता आणि ती आजोबांचं गाणं म्हणणार होती. आमचे हे जलशात होते. जलसा म्हणजे आम्हा बौद्धांच्या वस्त्यांतून गात फिरणारं मंडळ. हे स्वतः रचून गायचे. छापलं कुणी नाही. माझ्या गळ्यात उरलंय तेवढंच. हे गेले, आता मी किती दिवस? पोरीच्या तोंडून एकदा चारचौघांत ऐकायचं होतं, म्हणून निघाले.

हडपसरपर्यंत बस बरी. पुढची बस म्हणजे उभ्यानं झोपायची सोय. शेजारच्या बाईची कोथिंबीर निवडून झाली, तरी बस त्याच सिग्नलला.

गेटवर ओळखपत्र लागतं. माझी पिशवी उघडून वॉचमन म्हणाला, “आजी, काय आणलंय?”

“दशम्या. संस्कृतीच हाय, कांद्याबरोबर खायची.”

आत थर्माकोलची विहीर, प्लास्टिकचा बैल. पोरी झाडून सगळ्या नऊवारीत, तीही शिवलेली, पायजम्यासारखी चढवायची. कार्यक्रम चालवणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, “अहो आजी, आपण नऊवारी नाही नेसलात?”

“नेसायचे की, खुरपायला जाताना. आज सुट्टी.”

कँटीनची मिसळ घेऊ नका. महाग, आणि तिखटाला भिऊन केलेली.

प्रज्ञाचा नंबर शेवटचा. मॅडमनी विचारलं, “ट्रॅक कुठाय?” म्हणजे मागं वाजायला आधीच भरून ठेवलेली पेटी-ढोलकी.

“नाहीये मॅडम. आजोबांनी रचलेलं गाणं आहे.”

“मग राहू दे ना. ट्रॅकशिवाय पडतं गाणं. शिवाय ते सगळ्यांना आपलं वाटायला हवं.”

थर्माकोलची विहीर सगळ्यांची, आमचे हे तेवढे परके! पोरगी रडवेली झाली, पण माईक सोडला नाही.

“माझ्या लेकीची पाटी, हीच माझी जहागिरी...”

एवढी ओळ म्हणून अडली. अडणारच. जलशात गाणाऱ्यानं ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलायची, झील धरायची. हिच्या मागं कोण? तो बैल. माणसं उठून चहाकडं निघाली.

ह्यांच्या काळी मंडळात बाया नव्हत्या, पण समोर बसून झील माझीच असायची. तिसऱ्या रांगेतून, बसल्या जागी, गळा सोडला, “हीच माझी जहागिरी, जी रं जी!”

प्रज्ञा हसली. दुसरं कडवं असं उचललं की चहावाले कप घेऊन परत फिरले. दारातल्या वॉचमननं टाळी धरली. तिसऱ्या कडव्याला नऊवाऱ्याही झील धरत होत्या, बेसूर का होईना.

बक्षीस सजावटीला, म्हणजे बैलाला मिळालं. ठीकच, दिवसभर उभा होता बिचारा.

निघताना मॅडम म्हणाल्या, “छान झालं हं, पण पुढच्या वेळी ट्रॅक आणा.”

“बाई, ट्रॅक बसनं आला होता. तिसऱ्या रांगेत बसला होता.”

घरी आले ती पाय सुजलेले, घसा बसलेला. एवढ्या लांब जाण्यासारखं हिंजवडीत काही नाही, उगीच हौस करू नका. पण माझ्याबरोबर मुक्कामाला आलेली प्रज्ञा आज सकाळी मोरीत दात घासता घासता तेच गाणं म्हणत होती. चाल ह्यांची नव्हती, कुठल्या कुठं वळवलेली. ओरडणारच होते. मग चुलीपुढून, बसल्या घशानं, झील धरली.