तळाचा घोट

माणसाचं तोंड आतून पाहिलं की त्याच्याबद्दलचं बरंचसं कुतूहल संपतं, असं तिचं ठाम मत झालं होतं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. लाळ ओढणारी नळी हातात धरून खुर्चीशेजारी उभं राहायचं, हे तिचं काम. बाहेरून कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, महागाचं घड्याळ. आणि ‘आ’ केला की आत परवाचं मटण. डॉक्टरीणबाई मुखपट्टीआडून नुसत्या भुवया उंचवायच्या. ती घरी आल्यावर कोपरापर्यंत हात घासून धुवायची.

“एवढा साबण मी गटार उपसूनही लावत नाही,” नवरा म्हणायचा.

नवरा प्लंबर होता. लोकांच्या मोऱ्यांमध्ये खांद्यापर्यंत हात घालून तो केसांची गुंतवळं, साबणाचे ओशट लगदे आणि काय काय बाहेर काढायचा आणि “निघालं” एवढंच म्हणायचा. घाण त्याच्या हाताला लागे, मनाला लागत नसे. तिला त्याच्या या स्वभावाचा हेवाही वाटायचा आणि रागही यायचा. कारण हाच माणूस वडिलांपुढे उभा राहिला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

सासरच्या सगळ्यांची तोंडं तिला पाठ होती. ओळखीत स्वस्तात काम होतं म्हटल्यावर लग्न ठरल्यापासून अख्खं घर तिच्याच दवाखान्यात यायला लागलं होतं. सासऱ्यांची कवळी, जी ते जेवताना काढून ताटाशेजारी ठेवायचे आणि मग रुमालाला पुसून परत बसवायचे. थोरल्या दिरांच्या हिरड्या, जरा दाबल्या की रक्त आणि पू. जाऊबाईंची पोकळ दाढ, जिच्यात रोज काही ना काही मुक्कामाला असे. सासऱ्यांचे भाऊ, ज्यांना सगळे काका म्हणत, तंबाखू सोडल्याचं शपथेवर सांगायचे आणि त्यांची जीभ बाहेर आली की त्यांच्याच विरुद्ध साक्ष द्यायची.

आणि या घराचा नाताळ म्हणजे एकच पेला.

दोन कानांचा, चांदीचा म्हणतात तो, पण काळा ठिक्कर पडलेला. नाताळच्या दुपारी प्रार्थना झाली की सासूबाई मसाला घातलेली वाइन कोमट करून त्यात ओतायच्या. पहिला मान सासऱ्यांचा. ते त्यात पाव बुडवून चोखत चोखत खायचे, मग वर एक घोट घ्यायचे. मग वयाच्या क्रमानं पेला एकेका तोंडाला लागत खाली उतरायचा. घरात जो सगळ्यांत लहान, त्यानं तळाचं सगळं संपवायचं. थेंब उरता कामा नये. आणि पेला धुवायचा नाही, नुसता पुसून ठेवायचा, तोही दरवर्षी त्याच फडक्यानं.

लग्नाआधी नवराच शेंडेफळ होता, म्हणून तळाचं त्याच्या वाट्याला यायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळला सासऱ्यांनी पेला तिच्यापुढे केला. “घ्या सूनबाई, आता तुमचा मान!” तळाशी पावाचा गिळगिळीत लगदा होता आणि त्यात एक आखूड पांढरा केस, बहुधा मिशीचा. सगळे कौतुकानं बघत होते. तिनं डोळे मिटून गिळलं आणि म्हणाली, “छान आहे.” पुढं कित्येक महिने तिला शिसारी यायची ती त्या घोटाची नव्हे, त्या “छान आहे”ची.

दुसऱ्या नाताळला ती पोटुशी होती, मळमळीच्या नावाखाली सुटली. आणि आता घरात लेक आली होती, बोळकी. नाव काहीही ठेवलं तरी घरात सगळे तिला बोळकीच म्हणत. खालच्या हिरडीतून नुकतेच दोन दात वर आले होते, तांदळाच्या कणीएवढे. रोज रात्री बोटाला ओलं फडकं गुंडाळून ती ते पुसायची. इतकं स्वच्छ तोंड तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

“यंदा सगळ्यांत लहान बोळकी आहे,” एकदा भांडी विसळता विसळता ती म्हणाली.

“हो ना,” नवरा खुशीत म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. “नुसतं ओठाला लावतील गं.”

“कुणाचं? काकांचं की भाऊजींचं?”

“मी पीत आलोच ना लहानपणापासून. मेलो का?”

“पिऊन झाल्यावर काय करायचास, तेही सांग.”

तो नळाचा वॉशर उगाच चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, “मागच्या दारी जाऊन ओकायचो.”

“आणि हे मला आत्ता सांगतोयस!”

“तू छान आहे म्हणालीस! मला वाटलं, मलाच सोसत नाही.”

त्या दिवशी दोघांनी ठरवलं, आपला नाताळ आपल्या घरी. इथं कुणी कुणाचं उष्टं प्यायचं नाही. नवऱ्यानं तसं वचन दिलं. पण वडिलांना फोनवर सांगताना तो “बाळाला सर्दी आहे” एवढंच पुटपुटला, हे तिनं ऐकलं.

मग त्यांनी स्वतःच्या रीती काढायला घेतल्या. रीत काढणं वाटतं तितकं सोपं नसतं. नवऱ्यानं बादलीत वाळू भरून एक फांदी रोवली आणि तिला पितळी नट आणि रबरी वॉशर टांगले. तिनं फांदीला प्रत्येकाच्या नावाचा कोरा टूथब्रश बांधला, बोळकीचा करंगळीएवढा. जुने ब्रश त्या दिवशी फेकायचे, नव्यानं सुरुवात करायची.

“लोकांच्या झाडाला तारे, आपल्या झाडाला ब्रश,” नवरा म्हणाला.

“तुझ्या नळाच्या चकत्या चालतात ना? मग!”

त्याची रीत वेगळी. नाताळच्या सकाळी त्यानं बेसिनखालचा पाइप सोडवून वर्षाचा गाळ बाहेर काढला. काळा, केसाळ, सडक्या अंड्यासारख्या वासाचा. “हा बघ आपला,” तो जवळजवळ अभिमानानं म्हणाला. तिनं नाक धरलं, पण पाहिलं. स्वतःच्या घरची घाण निदान खोटं बोलत नव्हती. टेबलावर त्यांनी तीन वेगवेगळे कप मांडले आणि तिला क्षणभर वाटलं, जमलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

“पाहिलंत? सर्दी झालेल्या नातीला भेटायला सगळा गाव लोटला!” काका आधी आत घुसले. मागून दीर, जाऊबाई, पातेलं घेतलेल्या सासूबाई, आणि शेवटी सासरे, काखेत त्याच फडक्यात गुंडाळलेला पेला.

“तुम्ही येत नाही, म्हणून नाताळच घेऊन आलो,” सासरे म्हणाले. “झाडाला हे ब्रश काय म्हणून?”

“तुमच्या सूनबाईंचं दुकान आहे,” जाऊबाई हसल्या. दाढेत कोथिंबीर होती.

एवढ्याशा खोलीत सगळी दाटीवाटीनं बसली. प्रार्थना झाली. वाइन ओतली गेली. सासऱ्यांनी पाव बुडवला, चोखला. अर्धा पेल्यात गळून पडला. घोट घेताना कवळी पेल्याच्या काठावर टक्‌ वाजली. मग सासूबाई. मग काका, जे घोट तोंडात घोळवून, त्यातला थोडा परत सोडत होते की काय, असा तिला नेहमीचा संशय. मग दीर. काठावर गुलाबी ओघळ राहिला. जाऊबाईंनी नेमके तिथेच ओठ टेकवले आणि “अहाहा” म्हणाल्या. त्या वासानं तिच्या घशाशी आलं. दवाखान्यात हातमोजे असतात, नळी असते. इथं फक्त माया होती, आणि ती चिकट होती.

नवऱ्यापुढे पेला आला. त्यानं घोट घेतला. खाली मान घालून, लहानपणी घेत असेल तसाच. तिला त्याचीही किळस आली.

तिनं स्वतः मान हलवून नकार दिला. “राहू द्या, तुम्ही नाजूक आहात,” सासरे म्हणाले. पेला परत हातात घेऊन त्यांनी बोट तळाशी बुडवलं आणि बोळकीकडे वळले. “ये गं माझी बाय. नुसतं ओठाला.”

बोळकीनं तोंड उघडलं. ती कशालाही तोंड उघडायची. दोन दात चमकले.

“बाबा, नको!” ती ओरडली आणि पोरीला छातीशी ओढलं. ते बोट तसंच हवेत राहिलं. त्यावरून एक लालसर थेंब चटईवर पडला.

“सूनबाई, या पेल्याला माझ्या आईचे ओठ लागलेत,” सासरे दुखावून म्हणाले. “म्हणून धूत नाही आपण.”

तेच तर, तिच्या मनात आलं. मेलेल्यांचेही.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता बोल, नाहीतर पुन्हा कधी बोलू नकोस, असं काहीतरी त्या नजरेत असावं. तो तसाच उठला, वडिलांच्या हातातून पेला अलगद घेतला आणि बेसिनकडे गेला. तळाचं सगळं भळ्ळकन ओतलं. मग कामाचे रबरी हातमोजे चढवले, पेल्यात खायचा सोडा टाकला, कढत पाणी सोडलं आणि तारेच्या ब्रशानं घासायला लागला.

“अरे! अरे, काय करतोस!” सासूबाई कळवळल्या. कुणी जागचं हललं नाही.

काळं पाणी आलं. मग तपकिरी, मग वर्षानुवर्षांची शेवाळासारखी साय सुटली. आंबूस, कुजकट भपकारा खोलीभर पसरला. जाऊबाईंनी पदर नाकाला लावला. दीर भिंतीकडे बघायला लागले. काकांनी पोटावर हात ठेवला. “हे आपण प्यायचो?”

“निघालं,” नवरा म्हणाला. मग वडिलांकडे वळला. “बाबा, तुम्ही पहिला घोट घेता. तळाचा कधी घेतलाय? मी मागच्या दारी जाऊन ओकायचो. दरवर्षी.”

धुतलेला पेला ओट्यावर पालथा ठेवलेला होता. त्याच्याकडे सासरे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसे बघत होते.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “पातेल्यात बरीच उरलीये. कशात देऊ?”

घरात कप तीनच. ती आतून डॉक्टरीणबाईंनी नाताळचे म्हणून दिलेले कागदी पेले घेऊन आली, चूळ भरायचे, बोटभर उंचीचे. प्रत्येकाच्या हातात एकेक दिला.

“हे गिळायचं की थुंकायचं, ते आधी सांग बाई,” काका म्हणाले. कुणीतरी हसलं. दीर खरोखरच सवयीनं घोट गालात घोळवत होते.

सासऱ्यांनी आपल्या कागदी पेल्यात पाव बुडवला. चोखला. सवयीनं तळाशी थोडं ठेवलं आणि हात पुढे केला. घेणारं कुणी नव्हतं. बोळकी आईच्या खांद्यावर आपला नवा ब्रश चावत होती. हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, आत डोकावून पाहिलं आणि तो लगदा स्वतःच तोंडात ओतला.

त्यांचा चेहरा आंबट झाला. गिळता गिळेना. त्यांनी इकडेतिकडे थुंकायला जागा शोधली, सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून मोठ्या कष्टानं गिळलं.

“शी,” ते म्हणाले. “हे असं लागतं?”

“थंड झाल्यावर याहून वाईट लागतं, बाबा,” ती म्हणाली, आणि त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. धुतलेला.